‘स्वाराती’ म्हणजे नेमकं कोण?

अंबाजोगाईच्या बसस्टँडवर उतरा आणि मोठा सरकारी दवाखाना कुठे आहे ते विचारा. स्वारातीला जायचंय का, असा उलटा प्रश्न येईल. नांदेडच्या विद्यापीठात शिकणारा एखादा मित्र असेल, तर त्याच्या मार्कमेमोवरही हेच नाव. आपण हे नाव इतक्या वेळा घेतो, की ते एका माणसाचं नाव आहे हेच विसरायला होतं. स्वा-रा-ती. स्वामी रामानंद तीर्थ.

१७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, त्यांच्या फोटोला हार पडतो. भाषणात निजाम येतो, रझाकार येतात, पोलिस कारवाई येते. टाळ्या वाजतात आणि आपण घरी जातो. पण या माणसाने आयुष्यभर एक प्रश्न लावून धरला होता, तो भाषणात क्वचितच येतो. अनेक राज्यं, अनेक भाषा मिळून एक मोठा संघ उभा राहतो, तेव्हा त्या संघात आपल्या वतीने बोलायचं कोणी? राजाने, सरकारने, की आपण मत देऊन पाठवलेल्या माणसाने?

राज्यशास्त्राच्या पेपरला युरोपियन युनियनचा धडा असतो. आज तिच्यात २७ देश आहेत. तिथेही याच प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद झाला. युरोपच्या संसदेत आधी प्रत्येक देशाची संसद आपले सदस्य पाठवायची. सामान्य माणसाने थेट मत देऊन खासदार पाठवायला १९७९ साल उजाडलं. आपल्या बीडमध्ये हे १९५२ लाच घडलं होतं. ते कसं घडलं, हे समजून घ्यायचं तर ब्रसेल्सला जायला नको. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेतल्या एका हेडमास्तरांची गोष्ट पुरेशी आहे.

व्यंकटेशचा झाला स्वामी

त्यांचं मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, गाव सिंदगी, आज कर्नाटकात. शाळा सोलापूरला. गांधीजींच्या असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी सरकारी शाळा सोडली आणि पुढचं शिक्षण अमळनेरला, पुण्याला टिळक महाराष्ट्र विद्यापीठात, अशा राष्ट्रीय शिक्षणाच्या संस्थांमध्ये घेतलं. वय तुमच्याएवढंच. पुढे नोकरी काय मिळणार, याचा हिशेब तेव्हाही घरचे करतच असणार.

शिक्षण संपल्यावर ते कामगार चळवळीत शिरले, ते ना. म. जोशी यांच्याबरोबर. हे जोशी कोण? १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. तिच्या वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जे गेले, ते हे ना. म. जोशी. त्या संघटनेची रचना जरा लक्षात ठेवा. प्रत्येक देशाकडून चार प्रतिनिधी. दोन सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा. म्हणजे देशाच्या वतीने फक्त सरकारच बोलेल असं नाही, सरकारच्या शेजारी बसून कामगारही बोलेल आणि वेगळं मतही देईल. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. तरुण व्यंकटेशने मुंबई-दिल्लीत काम शिकलं, ते अशा माणसाच्या हाताखाली.

मग आजारपणाने ती धावपळ थांबली. ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला आले. हे गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हा निजामाच्या राज्यात. १९३० मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. माणूस संन्यास घेतो तेव्हा जगाकडे पाठ फिरवतो, असं आपण समजतो. यांचं उलटं झालं. घर सुटलं, जग जवळ आलं. १९३५ मध्ये हिप्परग्याचे सहकारी बाबासाहेब परांजपे यांच्यासह ते अंबाजोगाईला आले. कागदोपत्री गावाचं नाव तेव्हा मोमिनाबाद. योगेश्वरी शाळेचे ते मुख्याध्यापक झाले.

आष्टीच्या पलीकडे परका मुलूख

आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. तुम्ही आष्टीचे आहात आणि कामाला नगरला निघालात. आज तासा-दोन तासांचा प्रवास. तेव्हा वाटेत हद्द लागायची. अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजांचा मुलूख. हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे मालावर जकात. खिशातला हाली शिक्क्याचा रुपया पलीकडे तेवढ्याच किमतीला चालायचा नाही. सात हाली रुपयांना साधारण सहा इंग्रजी रुपये, असा भाव. पोस्टाची तिकिटं वेगळी, रेल्वे निजामाची, दप्तराची भाषा उर्दू. संस्थानात सुमारे एक कोटी साठ लाख माणसं होती. जिल्हे सोळा. आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड. बीड त्या पाचांपैकी एक.

आणि सभा घ्यायची असेल तर? ‘गश्ती निशाण ५३’ नावाचं सरकारी परिपत्रक होतं. आधी परवानगी घ्या, मग बोला. कायदेमंडळ होतं, पण त्यात बहुतेक सरकारनेच नेमलेली माणसं. अशा राज्यात आपलं मत मांडण्यासाठी उरते ती शाळा. म्हणूनच त्या काळातल्या मराठवाड्यातल्या कितीतरी चळवळी शाळांच्या वर्गांतून सुरू झालेल्या दिसतात.

त्याच वर्षी, १९३५ मध्ये, इंग्रजांनी एक नवा कायदा केला. इंग्रजी मुलूख आणि संस्थानं मिळून अखिल भारतीय संघराज्य करायचं, अशी योजना त्यात होती. ऐकायला छान. पण बारीक अक्षरातली अट वाचा. खालच्या सभागृहात ३७५ जागा, त्यांतल्या १२५ संस्थानांच्या. त्या १२५ जागांवर माणसं कोण पाठवणार? राजे आणि नवाब, आपल्या मर्जीने. म्हणजे संघराज्याच्या दिल्लीतल्या सभागृहात बीडच्या शेतकऱ्याच्या नावाने निजामाचा माणूस बसणार. ही योजना पुढे प्रत्यक्षात आली नाही, पण प्रश्न उघडा पडला. मोठ्या संघात सामील होणं वेगळं आणि त्या संघात तुम्हाला आवाज असणं वेगळं.

नावावरच बंदी

१९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने ठरवलं, की संस्थानातल्या लोकांनी आपला लढा आपल्याच संघटनेतून लढावा. हैदराबादेत स्टेट काँग्रेस काढायची तयारी झाली. ती नीट उभी राहायच्या आतच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. सरकारचा मोठा आक्षेप होता तो ‘काँग्रेस’ या नावाला. बाहेरच्या मोठ्या संस्थेशी नातं सांगणारी संघटना आमच्या राज्यात नको, असा तो आक्षेप. खरं तर भांडण नावाचं नव्हतंच. बीडच्या, नांदेडच्या माणसाने हद्दीपलीकडच्या माणसाशी एक राजकीय नातं जोडायचं की नाही, याचं ते भांडण होतं.

स्वामीजींनी शाळा सोडली. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. त्याच हिवाळ्यात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या होस्टेलमधल्या मुलांनी वंदे मातरम् म्हणायचा हट्ट धरला. ते लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोचलं आणि मुलांना काढून टाकण्यात आलं. ती मुलं गेली कुठे? हद्दीपलीकडे. नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. त्यांतलाच एक मुलगा पुढे भारताचा पंतप्रधान झाला, पी. व्ही. नरसिंह राव. एका राज्याने दार लावलं तर दुसरीकडे दार उघडं असणं म्हणजे काय, हे त्या मुलांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

स्वामीजी १९४० मध्ये पुन्हा आत, १९४२ मध्ये पुन्हा आत. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठायला १९४६ चा जुलै उजाडला. संन्यासी झालेल्या हेडमास्तरांच्या गळ्यात अध्यक्षपदाची माळ पडली.

सही कोणाची?

१९४७. इंग्रज निघाले. संस्थानांपुढे सामीलनाम्याचा कागद आला. सही केली की संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय भारतीय संघराज्याकडे जाणार, बाकीचं राजाकडे राहणार. बहुतेक राजांनी सह्या केल्या. निजामाने केली नाही. आपण स्वतंत्र राहणार, असं त्याने जून महिन्यातच जाहीर केलं होतं.

स्वामीजींचं म्हणणं सरळ होतं. सही होवो न होवो, राज्य लोकांचं आहे आणि लोकांना संघराज्यात जायचं आहे. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने संघराज्यात सामील व्हा, अशा मागणीचा दिवस पाळला. १५ ऑगस्टला देशात तिरंगा फडकत होता आणि स्वामीजींना अटक होत होती. नोव्हेंबरात भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. तोही वरच्या वर, लोकांना कोणी विचारलं नव्हतं. त्या सुमारास सुटलेले स्वामीजी २६ जानेवारी १९४८ ला पुन्हा तुरुंगात गेले, ते पोलिस कारवाई होईपर्यंत. बाहेर दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आणि शेकडो तरुण बार्शी, मनमाडसारख्या हद्दीवरच्या गावांतून लढा चालवत होते. गावांत कासिम रझवीच्या रझाकारांची दहशत होती.

याच वेळी हैदराबादचा प्रश्न आणखी एका मोठ्या दारात गेला. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये तिच्यावर चर्चा झाली. हैदराबादच्या वतीने मोईन नवाज जंग बोलले, भारताच्या वतीने रामस्वामी मुदलियार. हैदराबाद हा देशच नाही, मग तक्रार कसली, असा भारताचा मुद्दा. जरा विचार करा. जगातल्या सगळ्यात मोठ्या सभेत हैदराबाद हे नाव घेतलं जात होतं आणि हैदराबादच्या जनतेचा नेता त्या क्षणी कोठडीत होता. संयुक्त राष्ट्रांच्या त्या टेबलाशी सरकारं बसतात, लोक बसत नाहीत. ही तिची रचनाच आहे, तेव्हाही होती आणि आजही आहे.

दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. तक्रारही मागे घेतली. स्वामीजी सुटले.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी झेंडावंदनाच्या भाषणात सहसा नसते. रझाकारांनी अत्याचार केले, हे खरं. आणि पोलिस कारवाईनंतर मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला, हेही खरं. केंद्राकडून आलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ते नोंदवून ठेवलं आहे. संघराज्यात येणं म्हणजे एकाचं राज्य जाऊन दुसऱ्याचं येणं नव्हे. प्रत्येक माणसाला एकाच कायद्याचं छत्र मिळणं, हा त्याचा अर्थ. ते छत्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांवर सारखं नव्हतं, ते उभारावं लागलं.

फर्मान ते मतपेटी

दिल्लीत घटना लिहिली जात होती, तेव्हा घटना समितीत हैदराबादचा प्रतिनिधी नव्हता. नोव्हेंबर १९४९ मध्ये ती घटना हैदराबादला लागू करायची वेळ आली, तेव्हा ती स्वीकारली कोणी? निजामानेच, फर्मान काढून! म्हणजे बीडच्या माणसाला मूलभूत हक्क मिळाले ते एका नवाबाच्या सहीने. २६ जानेवारी १९५० पासून तोच निजाम हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला.

पण आता कागद वेगळा होता. कालपर्यंत बीडचा माणूस निजामाची रयत होता, आज तो भारताचा नागरिक. हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात दाद मागण्याचा अधिकार त्याला मिळाला. सगळं एका रात्रीत बदललं असं नाही. हाली शिक्का काही वर्षं चालूच राहिला, जकातीचे नाकेही लगेच उठले नाहीत. युरोपनेही बाजार आधी एक केला आणि युरोच्या नोटा हातात यायला २००२ साल लागलं. संघ कागदावर एका दिवसात होतो, बाजारात आणि खिशात यायला वेळ लागतो.

आणि मग १९५२ ची निवडणूक. बीडमधून पहिले खासदार म्हणून निवडून आले बाबासाहेब परांजपे. हो, तेच, हिप्परग्याहून स्वामीजींबरोबर अंबाजोगाईला आलेले. पण ते काँग्रेसचे नव्हते, विरोधातल्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे होते. स्वामीजी काँग्रेसकडून गुलबर्ग्यातून निवडून गेले. एका शाळेतले दोन सहकारी लोकसभेत समोरासमोरच्या बाजूंना. ज्यांनी लोकांच्या आवाजासाठी तुरुंग भोगला, त्यांच्याच पक्षाला बीडच्या लोकांनी पहिल्या संधीला नाही म्हटलं. लोकांच्या मताचा हक्क खरोखर मिळाला होता, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

स्वतःचं राज्य मोडणारा नेता

आता स्वामीजींच्या आयुष्यातला मला सगळ्यात मोठा वाटणारा भाग. हैदराबाद राज्य टिकलं असतं तर त्या राज्यातला त्यांचा मान मोठा होता. अख्ख्या राज्यात, तिन्ही भाषांच्या लोकांत त्यांचं नाव होतं. तरी ते म्हणत राहिले, की हे राज्य मोडा. मराठी भाग महाराष्ट्राला, कन्नड भाग कर्नाटकाला, तेलुगू भाग आंध्राला जाऊ द्या. नेहरूंना हैदराबाद मोडणं बराच काळ पसंत नव्हतं. स्वामीजी मागे हटले नाहीत. कचेरीत गेल्यावर आपली भाषा चालली नाही तर नागरिक असण्याला अर्थ काय, या बाजूने ते उभे राहिले.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं. मराठवाडा आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. गंमत बघा. स्वामीजींना निवडून देणारं गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेलं. त्यांचं राज्य गेलं, लोकसभेतली जागा मात्र राहिली. १९५७ मध्ये ते औरंगाबादमधून पुन्हा खासदार झाले.

हे शक्य झालं ते आपल्या संघाच्या रचनेमुळे. भारतात संसद कायदा करून राज्याच्या सीमा बदलू शकते, नवं राज्य करू शकते. राज्याला मात्र संघातून बाहेर पडता येत नाही. युरोपियन युनियनचं नेमकं उलटं आहे. ती एखाद्या देशाचे तुकडे करू शकत नाही, पण देशाला बाहेर पडता येतं. ब्रिटन २०२० मध्ये तसाच बाहेर पडला. कोणती रचना बरी, यावर वर्गात वाद घाला. पण नियम कोण करतो आणि आपला माणूस तिथे आहे का, हे आधी बघा.

स्वामीजी पुढे सत्तेच्या पदांपासून दूरच राहिले. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत त्यांचं निधन झालं. दोन-तीन वर्षांनी अंबाजोगाईत वैद्यकीय कॉलेज सुरू झालं. त्याला त्यांचं नाव आहे.

त्याच कॉलेजकडे पुन्हा एकदा बघा. तिथे प्रवेश हवा तर नीट द्यावी लागते, ती परीक्षा केंद्राची. पंधरा टक्के जागा देशभरासाठी, बाकीच्या राज्यासाठी. राज्याच्या जागांतही आधी विभागवार ७०:३० चा नियम होता. मराठवाड्यातल्या मुलांवर अन्याय होतो म्हणून आवाज उठला, आपले आमदार बोलले आणि २०२० मध्ये तो नियम गेला. रेल्वे हा केंद्राचा विषय. बीड शहरात रेल्वे यायला २०२५ चा १७ सप्टेंबर उजाडला. म्हणजे संघराज्यात आल्यावर ७७ वर्षांनी. एका ठिकाणी आवाज पोचला, दुसऱ्या ठिकाणी पोचायला पिढ्या गेल्या.

सामीलनाम्यावर सही एकदाच होते. आपल्या वतीने कोण बोलतंय, ते मात्र दर वेळी तपासावं लागतं. पुढच्या वेळी स्वारातीच्या गेटमधून आत जाल, तेव्हा बोर्डावरचं पूर्ण नाव एकदा वाचा. आणि दिल्लीत, मुंबईत गेल्या वर्षभरात तुमच्या जिल्ह्याबद्दल काय बोललं गेलं, तेही शोधून काढा. मोबाइल हातात आहेच. लोकसभेतले प्रश्न आणि उत्तरं तिथे कुणालाही वाचता येतात. त्यासाठी आता करोडगिरीचा नाका ओलांडावा लागत नाही.